मीटिंगमध्ये टाकलेली फाईल समोरच्याला उघडेना? नेटला नावं ठेवायच्या आधी हे बघा

तुमच्याकडं नेमकं काय होतंय ते आधी यात शोधा. सगळेजण "फाईल जाईना" एवढंच म्हणतात पण त्या एका वाक्यात सात वेगळी दुखणी असतात:

- चॅटमध्ये फाईल टाकली, गोल नुस्तं फिरतंय, पुढं काहीच नाही.
- आपल्याकडं गेलेली दिसते, समोरचा म्हणतो "मला तर कायच नाही आलं".
- लिंक आली, पण दाबली की परवानगी मागा म्हणते.
- फाईल उतरली पण उघडत नाही, कोणत्या ॲपमध्ये उघडू असं फोन विचारतो, नाहीतर सरळ "फाईल खराब आहे" म्हणतो.
- उघडली, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी.
- उघडली, दिसते पण व्यवस्थित, फक्त आकडे मागच्या आठवड्याचे.
- कागदाचा फोटो आलाय, पण मोठा केला की सातबाऱ्यावरचा गट नंबर काही केल्या वाचता येत नाही.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या ऑफिसात काम करते. औसा, निलंगा, रेणापूर, अहमदपूर, उदगीर अशी पाच ठिकाणी आमची केंद्रं आहेत आणि दर सोमवारी ११ वाजता सगळ्यांची ऑनलाईन मीटिंग असते. सभासदांच्या याद्या, आवकेचे तक्ते, सोयाबीनच्या ओलाव्याचे आकडे, ठरावाचे मसुदे, सगळं त्या तासाभरात इकडून तिकडं जातं. दसऱ्यानंतर आवक वाढली की एकाच सोमवारी तीन तीन केंद्रांवरून फोन, "ताई, फाईल उघडंना गेलीय, काय करू?" चार वर्षं हेच दुखणं परत परत काढतेय, त्यामुळं क्रम आता पक्का बसलाय. फुकटचं आणि एका मिनिटाचं आधी, पैशाचं आणि वेळखाऊ शेवटी. मधली पायरी सोडून खाली जाऊ नका. राऊटर बदलून आणल्यावर कळतं की लिंकची परवानगीच दिलेली नव्हती, असं आमच्या एका केंद्रावर खरंच झालंय, आणि ते पैसे काही परत येत नाहीत.

पहिलं काम: समोरच्याच्या स्क्रीनचा फोटो मागवा

"उघडत नाही" यावरून कुणालाच काही कळत नाही. त्यांच्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर जो मेसेज आलाय त्याचा स्क्रीनशॉट घ्या, स्क्रीनशॉट जमत नसेल तर दुसऱ्या फोननं फोटो काढायला सांगा. निलंग्याच्या ताई एकदा वीस मिनिटं सांगत होत्या की नेट गेलंय, फोटो आला तर त्यावर साफ लिहिलं होतं की फोनमध्ये जागा शिल्लक नाही. जुने व्हिडिओ उडवले, दोन मिनिटांत काम झालं. तो मेसेज म्हणजे निम्मं निदान आहे, म्हणून तो बघितल्याशिवाय मी पुढची एकही गोष्ट करत नाही.

फाईल खरंच दिली का, का नुस्ती दाखवली?

हे ऐकून काहींना राग येतो पण विचारावंच लागतं. स्क्रीन शेअर केली म्हणजे समोरच्याला फाईल दिसली, मिळाली नाही. "मी दाखवली की सगळ्यांना" असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, त्याला फरक कुणी सांगितलेलाच नसतो.

दुसरा प्रकार म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरचा पत्ता कॉपी करून चॅटमध्ये चिकटवणं. सी ड्राईव्ह, युजर्स, डेस्कटॉप असं काहीतरी लिहिलेलं असतं, निळ्या अक्षरात आलं तर लिंकसारखं दिसतंपण. तो पत्ता फक्त तुमच्या मशीनवर चालतो, दुसऱ्याच्या मशीनवर ती जागाच नाही.

तिसरं, चॅट कुणाला गेला ते बघा. झूममध्ये लिहायच्या खिडकीच्या वर नाव निवडायची जागा असते, आधी कुणाला खाजगी काही लिहिलं असेल तर तेच नाव तिथं राहतं आणि पुढची फाईलपण त्याच एकट्याला जाते. मीटिंगमध्ये उशिरा आलेल्या माणसाला त्याच्या आधी टाकलेलं बहुतेक वेळा दिसत नाही हेपण लक्षात ठेवा. झूमच्या फुकट खात्यावर ४० मिनिटांनी मीटिंग तुटते, परत सगळे जोडले की आधीचा चॅट समोर नसतो, मग "मघाशीच टाकली होती" यावरून वाद. आम्ही आता फाईल मीटिंगच्या चॅटवर सोडतच नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा मीटिंगच्या निमंत्रणातच आदल्या दिवशी जोडतो. चॅटमध्ये फक्त तीच लिंक परत टाकायची, उशिरा येणाऱ्यासाठी परत एकदा. गुगल मीटमध्ये आमच्या साध्या खात्यावर चॅटला फाईल जोडायचं बटणच नाही, तिथं लिंकच चालते, त्यामुळं बटण शोधत बसू नका.

सेव्ह केली का, आणि तीच फाईल आहे का?

जुने आकडे दिसण्याचं कारण दहातल्या नऊ वेळा हेच निघतं. एक्सेल उघडी आहे, आकडे बदललेत, पण सेव्ह केलेलं नाही आणि तशीच जोडून पाठवली. जाते ती डिस्कवर शेवटची सेव्ह झालेली फाईल, तुमच्या स्क्रीनवर दिसणारी नाही. पाठवायच्या आधी सेव्ह करा, फाईल बंद करा, मग जोडा. बंद करायला यासाठी सांगते की काही प्रोग्रॅम उघडी फाईल अडवून धरतात आणि दुसरा प्रोग्रॅम ती उचलू शकत नाही. फोल्डरमध्ये कधीकधी त्याच नावाची, सुरुवातीला वाकडी रेघ आणि डॉलरचं चिन्ह असलेली एक बारकी फाईल दिसते ना, ती त्या उघड्या फाईलची कुलूपचिठ्ठी असते. ती पाठवली तर समोर काहीच उघडणार नाही, आणि लोक ती पाठवतात.

नावाचंपण बघा. "यादी फायनल", "यादी फायनल नवीन", "यादी फायनल नवीन २" अशा तीन फाईली असल्या की चुकीची जाणारच. आमच्याकडं नियम केलाय, नावात केंद्र आणि तारीख, बास. तारीख लिहिताना तिरपी रेघ किंवा विसर्गासारखी दोन टिंबं वापरू नका, विंडोजमध्ये ती चिन्हं फाईलच्या नावात चालत नाहीत. फोनवर कधी कधी चालून जातात आणि मग कॉम्प्युटरवर उतरवताना नाव बदलतं नाहीतर फाईल अडते. साधी आडवी रेघ टाका.

गुगल ड्राईव्हवर, म्हणजे नेटवरच्या जागेत, चढवत असाल तर पूर्ण चढल्याची बरोबरची खूण येईपर्यंत थांबा. अर्धी चढलेली असताना लॅपटॉप बंद केला तर तिकडं काहीच पोचलेलं नसतं.

लिंकची परवानगी (इथं सगळ्यात जास्त वेळ द्या)

माझ्याकडं येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात मोठा वाटा हिचाच आहे. गुगल ड्राईव्हवर नवीन फाईल ठेवली की ती फक्त तुमच्यापुरती असते, "रिस्ट्रिक्टेड". लिंक कॉपी करून ग्रुपवर टाकली तरी ती बंद कुलपाचा पत्ता दिल्यासारखी आहे. समोरचा दाबतो, त्याला परवानगी मागायचं बटण दिसतं, तो दाबतो, तुम्हाला मेल येतो, तुम्ही मीटिंगमध्ये बोलताय त्यामुळं मेल बघत नाही, आणि तिकडं पाच माणसं गप बसून वाट बघतायत.

शेअरचं बटण दाबून खाली "जनरल ॲक्सेस" बघा. तिथं दोन रस्ते आहेत. एक, "एनीवन विथ द लिंक" करायचं, म्हणजे ज्याच्याकडं लिंक त्याला फाईल. दुसरा, ज्यांना द्यायची त्यांचे मेल आयडी एक एक करून घालायचे. पहिला सोपा आहे, पण ती लिंक कुणी पुढं ढकलली की तुमच्या हातात काही राहत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे, आणि ऑफिसात मी यावर भांडलेलीपण आहे: ज्या फाईलीत सभासदांचे आधार नंबर, बँक खाते नंबर, मोबाईल नंबर आहेत ती कधीच "एनीवन" करायची नाही, कितीही घाई असली तरी. लोकांनी विश्वासानं दिलेली माहिती आहे ती. मीटिंगचा अजेंडा, दरांचा तक्ता, आभाराचं पत्र, यांना "एनीवन" चालेल.

त्याच्या बाजूला "व्ह्यूअर" (नुसतं बघणारा), "कमेंटर" (शेरा लिहिणारा), "एडिटर" (बदल करणारा) असं असतं. सगळ्यांना एडिटर करू नका. एकदा एका केंद्रावरून कुणीतरी फोनवर बोट लागून आख्खा रकाना उडवला होता. गुगलच्या शीटमध्ये फाईल मेनूत "व्हर्जन हिस्टरी" असते तिथून मागची अवस्था परत आणता येते, आम्ही आणली, पण मीटिंग पंधरा मिनिटं थांबली.

आता परवानगी दिली आणि तरी उघडत नाही? मग खातं बघा. ही गोष्ट लोकांना लवकर पटत नाही. एका फोनवर दोन तीन जीमेल असतात, एक स्वतःचं, एक ऑफिसचं, एखादं पोराच्या शाळेसाठी काढलेलं. तुम्ही परवानगी दिली ऑफिसच्या मेलला आणि फोन लिंक उघडतोय पोराच्या खात्यातून, मग गुगल त्याला ओळखत नाही. ड्राईव्ह ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या गोल फोटोवर दाबून खातं बदलायला सांगा. औश्याच्या दादांना हे एकदा फोनवर सांगितलं, तेव्हापासून त्यांचा या कारणासाठी फोन आलेला नाही.

आणि पाठवायच्या आधी स्वतः तपासायचा एक खात्रीचा उपाय. ब्राऊजरमध्ये इन्कॉग्निटो खिडकी उघडा आणि तीच लिंक तिथं टाका. त्या खिडकीत तुम्ही कुणीच नसता, अनोळखी माणूस असता. "एनीवन" केलेली लिंक तिथं उघडली तर सगळ्यांना उघडेल, आणि तिनं लॉगिन मागितलं तर समोरच्यालापण मागणारच. वीस सेकंदांचं काम आहे, मी दर सोमवारी पावणेअकराला करते.

मीटिंगसाठी मायक्रोसॉफ्टचं टीम्स वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. टीम्सच्या चॅटमध्ये टाकलेली फाईल खरं म्हणजे पाठवणाऱ्याच्या वनड्राईव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टची नेटवरची जागा) राहते आणि बाकीच्यांना तिची वाट मिळते. त्यामुळं पाठवणाऱ्यानं नंतर "जागा करायला" म्हणून तिथून ती उडवली तर सगळ्यांचीच जाते.

उघडायला ॲप आहे का, आणि फाईलीचं शेपूट बरोबर आहे का

केंद्रावरची निम्मी माणसं फोनवरून मीटिंगला असतात. वर्डची किंवा एक्सेलची फाईल उघडायला फोनमध्ये काहीतरी लागतं, गुगल डॉक्स आणि शीट्स फुकट आहेत, ती टाकून द्या. ज्यांना फक्त वाचायचंय त्यांना पीडीएफच पाठवा, वर्ड नको.

वर्डची २००७ पासूनची फाईल, म्हणजे डॉट डॉक्स (docx), आतून झिपच असते. त्यामुळं एखादा फोन ती उतरवताना डॉट झिप असं शेपूट लावतो आणि मग ती भलत्याच ॲपमध्ये उघडते. नाव बदलून शेवटी डॉक्स केलं की झालं. फाईलीचं शेपूट विंडोजमध्ये दिसत नसेल तर फोल्डरच्या "व्ह्यू" मेनूत जाऊन "फाईल नेम एक्स्टेन्शन्स" चालू करा. कायम चालूच ठेवा, कारण नुसत्या चित्रावरून फाईल कसली आहे ते कळत नाही.

त्याच नादात सांगते, ग्रुपवर लग्नाची पत्रिका, अनुदानाची यादी, बँकेची नोटीस अशा नावानं जर फाईल आली आणि शेवटी डॉट एपीके असेल तर ती कागद नाहीच, ते ॲप आहे. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडायची नाही, कारण आधी त्या ओळखीच्याच फोनमध्ये ती घुसलेली असते आणि तिथून आपोआप पुढं जाते.

कॉम्प्युटरवर फाईल उघडते पण काही लिहिता येत नाही, वर पिवळी पट्टी दिसते, तर फाईल बिघडलेली नाही. नेटवरून आलेली फाईल वर्ड आणि एक्सेल आधी सुरक्षित अवस्थेत उघडतात. पाठवणारा ओळखीचा असेल आणि त्यानं ती पाठवल्याचं त्याच्या तोंडून ऐकलं असेल तर "एनेबल एडिटिंग" दाबा. मॅक्रोची, म्हणजे फाईलीच्या आत दडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची, लाल पट्टी आली तर मात्र हात लावू नका, आम्हाला आवकेच्या तक्त्यात मॅक्रोची कधीच गरज पडली नाही.

आकार किती आहे

फाईलवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज बघा. जीमेलला २५ एमबीपर्यंत जोडता येतं, त्याच्या वर गेलं की ते आपोआप ड्राईव्हची लिंक करतं, आणि मग परत परवानगीचा प्रश्न वर सांगितला तोच. शिवाय मेलला जोडलेली फाईल वाटेत जवळजवळ एक तृतीयांशानं फुगते, त्यामुळं समोरच्या ऑफिसच्या मेलची मर्यादा कमी असेल तर तुमची "मावणारी" फाईल तिकडून परत येते. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंत जातं, म्हणजे तिथं मर्यादेचा प्रश्न आपल्याला येत नाही, पण समोरच्याच्या फोनमध्ये जागा लागतेच.

फाईली एवढ्या मोठ्या होतात कामून? स्कॅनिंगमुळं. एक ए४ कागद ३०० डीपीआयनं (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) रंगीत स्कॅन केला तर २४८० गुणिले ३५०८ ठिपके होतात, प्रत्येक ठिपक्याला ३ बाईट धरले तर न दाबता (कॉम्प्रेस न करता) तो एकच कागद २६ एमबीचा. दाबल्यावर लई कमी होतो, तरी चाळीस कागदांचा गठ्ठा जड होणारच. तेच १५० डीपीआयला ठेवलं तर ठिपके चौथ्या हिश्श्यावर येतात, आणि ठराव, पावत्या, हजेरीपट वाचायला तेवढं पुरतं. काळ्या शाईचा कागद असेल तर रंगीतच्या ऐवजी ग्रे ठेवा.

उलट कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून टाकला तर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि बारीक अक्षर जातं. गट नंबर वाचता न येण्याचं कारण हेच. पिनच्या चिन्हावर दाबून "डॉक्युमेंट" निवडा आणि मग तोच फोटो जोडा, मूळ जसा आहे तसा जातो.

गुगलची फुकट जागा १५ जीबी, आणि ती मेल, ड्राईव्ह, फोटो तिघांत मिळून. भरली की ड्राईव्हवर चढत तर नाहीच, मेल येणंपण थांबतं. "दोन दिवस झाले कुणाचाच मेल नाही" असं कुणी म्हटलं की मी आधी हे बघायला सांगते.

तारीख आणि वेळ

जुन्या कॉम्प्युटरवर कोपऱ्यातली तारीख बघा. ती चुकीची असेल तर ड्राईव्ह, मेल, मीटिंग, सगळ्या ठिकाणी "कनेक्शन सुरक्षित नाही" असं येतं, कारण प्रत्येक साईटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते आणि तुमच्या मशीनच्या हिशोबानं ती मुदत सुरूच झालेली नसते. तारीख नीट करा. लाईट जाऊन आली की परत चुकत असेल तर आतला नाण्याएवढा सेल संपलाय, बहुतेक मशीनमध्ये तो सीआर २०३२ असतो, कुठल्याही दुकानात मिळतो. स्वतः उघडून बसवायची सवय नसेल तर दुकानदारालाच बसवू द्या. रेणापूरच्या केंद्रावर आम्ही हाच सेल बदलला आणि "नेटचा प्रॉब्लेम" गेला.

मराठीची खिचडी: फॉन्टचं खरं कारण

याच्यावर मी सविस्तर लिहितेय, कारण ही अडचण आपलीच आहे आणि इंग्रजी सल्ल्यांत ती सापडत नाही. आपल्या ऑफिसांत वर्षानुवर्षं कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी, सुरेख अशा फॉन्टांत टायपिंग झालंय. त्यातल्या जुन्या फॉन्टांत कॉम्प्युटरच्या पोटात मराठी अक्षर नसतंच. पोटात इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं आणि फॉन्ट फक्त त्याला मराठी रूप चढवतो. ज्या मशीनवर तो फॉन्ट आहे तिथं "सभासद यादी" दिसते, ज्या फोनवर नाही तिथं ते रूप उतरतं आणि मूळ इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. फाईल खराब झालेली नसते, व्हायरसपण नसतो.

युनिकोडमध्ये तसं नाही. तिथं प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, क ला ०९१५, आणि तो जगातल्या कुठल्याही फोनवर क च राहतो. मंगल, निर्मला, कोकिळा, नोटो हे फॉन्ट युनिकोडचे, यातला एक नसला तरी फोन दुसरा लावून वाचता येईल असं दाखवतो.

तर करायचं काय. मीटिंग सुरू आहे, वेळ नाही, तर ज्या मशीनवर ती फाईल नीट दिसते तिथूनच पीडीएफ करा आणि ती पाठवा. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार सोबत जातात म्हणून समोर फॉन्ट नसला तरी दिसतं. पीडीएफ केल्यावर आपल्याच फोनवर पाठवून एकदा बघा, मग ग्रुपवर टाका. हा तात्पुरता इलाज आहे, कारण त्या पीडीएफमध्ये मराठीत नाव शोधलं तर सापडत नाही, पोटात अजून इंग्रजीच आहे. आणि ती एक्सेल गुगल शीटवर चढवली तर परत खिचडी.

कायमचा इलाज म्हणजे यादी युनिकोडमध्ये बदलणं. बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते, रफाराचंपण असंच उलटसुलट, त्यामुळं बदलताना नेमकी तिथंच गडबड होते. "शिवाजी", "किशोर", "कुलकर्णी", "धर्माधिकारी" असली नावं आधी तपासा. मूळ फाईल वेगळी जपून ठेवा. आणि कुठल्यातरी वेबसाईटवर आख्खी यादी खाते नंबरासकट चिकटवू नका, फक्त नावाचा रकाना कॉपी करा. आम्ही एका पावसाळ्यात दोघींनी मिळून सगळ्या केंद्रांच्या याद्या बदलल्या, एकीनं वाचायचं दुसरीनं तपासायचं. त्यानंतर अक्षरक्रमानं लावलं तर नावं खरंच अ, आ, इ अशी लागायला लागली, जुन्या फॉन्टात ती कशीही लागायची. नवीन टायपिंग आता युनिकोडमध्येच करायचं, यावर मी कुणाचं ऐकत नाही.

आता नेट बघा

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं तरच. आणि नेटमध्ये बघायचं ते चढवायचा वेग, उतरवायचा नाही. व्हिडिओ बघायला छान चालतो म्हणून फाईल जाईलच असं नसतं, कारण बऱ्याच कनेक्शनला चढवायचा वेग कमीच असतो. चढवायला १ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १ मेगाबिट, मिळत असेल तर २५ एमबीच्या फाईलला, सगळं सुरळीत असताना, ३ मिनिटं २० सेकंद लागतात. कारण ८ बिटांचा एक बाईट, म्हणजे ती फाईल २०० मेगाबिटांची. त्यात तुमचा कॅमेरा चालू असला तर तोपण त्याच वाटेनं जातोय. म्हणून पाठवताना कॅमेरा बंद करा, आवाज पुरे.

तरी होत नसेल तर फोनचा हॉटस्पॉट लावून तीच फाईल पाठवा. गेली, तर फाईल बरोबर आहे आणि दोष वायफायच्या लाईनीत आहे. हॉटस्पॉटवरूनपण अडली तर दोष मशीनमध्ये किंवा फाईलीत. या एका चाचणीनं निम्मा गोंधळ मिटतो, म्हणून राऊटरला हात लावायच्या आधी ही करा. मग राऊटर बंद करून अर्ध्या मिनिटानं चालू करा. आमच्याकडं लाईट गेली की राऊटरपण जातो, राऊटरला छोटी बॅटरी बॅकअप लावून घेतली तेव्हापासून मीटिंग तुटणं पुष्कळ कमी झालं. पैसे घालून करायची ही एकच गोष्ट मी मनापासून सुचवीन.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

मेसेजमध्ये "तुमच्या संस्थेनं किंवा ॲडमिननं हे बंद केलंय" अशा अर्थाचं काही असेल तर तिथंच थांबा. झूममध्ये फाईल पाठवणं, टीम्समध्ये बाहेरच्यांना देणं, हे ज्यांच्या हातात खातं आहे तेच चालू करतात, तुमच्या मशीनवर काहीही करून ते होणार नाही. आणि त्यावर उपाय म्हणून ऑफिसची फाईल खाजगी मेलवरून पाठवू नका.

फाईल दोन वेगळ्या मशीनवर "खराब" म्हणत असेल आणि दुसरी प्रत कुठंच नसेल तर तिच्यावर प्रयोग करू नका, नेटवरची दुरुस्तीची सॉफ्टवेअरं उतरवू नका. जशी आहे तशी तिची प्रत काढून ठेवा आणि जाणकाराला द्या. हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर प्रतपण काढू नका, मशीन बंद करा, जितका वेळ चालू ठेवाल तितकं जास्त जातं.

सगळ्या फाईलींची शेपटं एकदम बदलली, प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी दिसली, तर नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, पेनड्राईव्ह लावू नका आणि लगेच तज्ज्ञ बोलवा. एपीके दाबली गेली आणि पैसे गेले किंवा जातील असं वाटत असेल तर १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनवर, फोन, त्याच मिनिटाला, आणि बँकेलापण.

खाते नंबरांची यादी चुकीच्या ग्रुपवर गेली तर लाजून गप बसू नका. व्हॉट्सॲपवर दोन दिवसांच्या आत असाल तर "सगळ्यांसाठी डिलीट" करता येतं, लिंक असेल तर ती लगेच रिस्ट्रिक्टेड करा, आणि वरिष्ठांना सांगा, कारण ज्यांची माहिती आहे त्यांना कळवायचं की नाही हे तुम्ही एकट्यानं ठरवायचं नसतं.

आणि माणूस बोलवलाच तर त्याला फोनवरच एवढं सांगा: मेसेजचा फोटो, फाईल कोणती आणि किती एमबीची, कुठून कुठं पाठवत होता, हॉटस्पॉटवर गेली का नाही, इन्कॉग्निटोमध्ये उघडली का नाही. उदगीरच्या केंद्रावर हे पाच मुद्दे कागदावर लिहून मॉनिटरच्या बाजूला चिकटवलेत, तिथं येणारा मुलगा आता पहिल्या खेपेतच लागणारं सामान घेऊन येतो.